ओप्सविकची खुर्ची पायापासून वाचायची

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि प्रकल्पासाठी त्यांनी पीटर ओप्सविक हा नॉर्वेचा डिझायनर निवडला आहे. गुडघे टेकवून बसायची खुर्ची त्याची आणि लहान मुलांची ती शिडीसारखी खुर्चीही त्याचीच, एवढं त्यांना माहीत आहे. या दोन्हींत काही नातं आहे का, की एका हुशार माणसाला दोन वेळा सुचलेल्या दोन गमती? आणि जाता जाता विचारलंय, त्या गुडघ्यांच्या खुर्चीने पाठदुखी खरंच जाते का?

जाता जाता विचारलेला प्रश्नच बहुतेकांना खरा हवा असतो, हे मला धंद्यात कळून चुकलंय. त्यावर येतोच, पण आधी नात्याचं बघू.

मी सव्वीस वर्षं खुर्च्या बनवतोय. पुण्याजवळ छोटी वर्कशॉप आहे, कार्यालयांसाठी आणि शाळांसाठी आसनं करतो. या धंद्यात माणसं खुर्चीकडे पाहताना पाठीकडे पाहतात. गिऱ्हाईक आलं की पहिला हात पाठीच्या टेकूवर जातो, दुसरा गादीत रुततो. खुर्चीत बसल्यावर पाय कुठे जाणार हे विचारणारा माणूस मला इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला. ओप्सविकने तो प्रश्न विचारला आणि जवळजवळ पन्नास वर्षं तोच विचारत राहिला. त्याच्या सगळ्या खुर्च्या एका ओळीत मांडा आणि प्रत्येकीत फक्त पायांची जागा शोधा. नातं लगेच दिसेल.

त्याचा जन्म १९३९ चा, गाव स्त्रान्दा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुन्नमोरे नावाचा भाग आहे, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, काठाला चिकटलेला. पर्यटकांना ठाऊक असलेलं गाइरांगर याच स्त्रान्दा नगरपालिकेत येतं. हा पट्टा फर्निचरच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. पलीकडे सिक्किल्वेनला १९३४ साली एकोर्नेस कंपनी सुरू झाली, तीच पुढे स्ट्रेसलेस आरामखुर्च्यांसाठी जगभर गेली. ओलेसुनच्या बाजूला १९३२ पासून स्टोके ही फर्निचर कंपनी होती. इंगमार रेलिंगची १९६५ मधली सिएस्टा खुर्ची याच भागातल्या परंपरेची. लाकूड वाकवणं, फर्म्यात दाबणं, बाहेरच्या देशांत विकणं हे सगळं जिथे रोजचं आहे, अशा मुलखात हा मुलगा वाढला. आपल्याकडे इचलकरंजीत वाढलेल्या पोराला मागाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, तसंच म्हणा.

शिक्षण बर्गन आणि ओस्लो इथल्या कला-हस्तकलेच्या शाळांत झालं. त्यानंतरचा टप्पा लोक घाईने ओलांडतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ओस्लोच्या टांडबर्ग रेडिओ कारखान्यात डिझायनर होता. टांडबर्गचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर त्या काळी नावाजलेले. लाकडी खोक्याच्या आत फिरणारे, सरकणारे, घट्ट बसणारे भाग असतात, माणसाचं बोट बटणावर नेमकं कुठे पडतं याचा विचार करावा लागतो. खुर्चीच्या कारखान्यात शिकलेला माणूस खुर्ची म्हणजे एक आकार समजतो. यंत्रांच्या कारखान्यातून आलेला माणूस खुर्ची म्हणजे वापरायची वस्तू समजतो. हे माझं मत आहे, पुरावा मागू नका. पण त्याच्या खुर्च्यांतली जुळवाजुळवीची सोय बघितली की मला टांडबर्ग आठवतं. १९७० पासून तो स्वतंत्र झाला.

आता ट्रिप ट्रॅप, म्हणजे लहान मुलांची ती शिडीसारखी खुर्ची, स्टोकेने काढलेली. साल १९७२. घरचा प्रसंग त्याने अनेकदा सांगितलाय: मुलगा दोनेक वर्षांचा झाला, बाळाच्या उंच खुर्चीत मावेना आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसवलं की टेबलाच्या कडेशी हनुवटी. हा प्रसंग आपल्या प्रत्येकाच्या घरात घडतो. आपण काय करतो? उशी देतो, मांडीवर घेतो, नाहीतर खाली जमिनीवर बसवून भरवतो. ओप्सविकने उशी दिली असती तर बसायच्या उंचीचा प्रश्न सुटला असता, पण पाय लोंबकळत राहिले असते. पाय लोंबकळले की मूल पुढे सरकतं, पाठ गोल होते, दोन मिनिटांत खाली उतरायला बघतं. मूल चंचल आहे असं आपण म्हणतो, पण त्याला टेकायला जमीन मिळालेली नसते.

म्हणून त्याने दोन फळ्या दिल्या. एक बसायची, एक पाय ठेवायची. दोन्ही बाजूंच्या लाकडी उभ्या पट्ट्यांवर आतल्या अंगाला ओळीने खाचा, फळी हव्या त्या खाचेत सरकवायची आणि बोल्ट आवळायचे. मूल वाढलं की आधी पायाची फळी खाली, मग बसायची फळी खाली. मोठं माणूसही त्यावर बसू शकतं. बाजूने पाहिलं तर प्रत्येक बाजूचा आकार इंग्रजी 'एल'सारखा: उभी पट्टी मागे कललेली आणि तिच्या पायथ्यापासून जमिनीलगत मागे जाणारा आडवा पाय. हा कल नजरेला छान दिसतो, पण तो शोभेसाठी नाही. उभ्या पट्ट्या तिरक्या असल्यामुळे फळी जितकी वर तितकी मागे जाते, म्हणजे लहान मूल उंच बसलं तरी त्याचं वजन आडव्या पायांच्या मधल्या भागावर येतं. शिवाय पायाच्या फळीचा जिना होतो. मूल स्वतः चढतं. नावही तेच सांगतं: ट्रिप ट्रॅप हा नॉर्वेजियनमध्ये पावलांचा आवाज, त्यांच्या लोककथेत पुलावरून जाणाऱ्या शेळ्यांच्या खुरांचा, आणि 'ट्रॅप' म्हणजे जिनाही.

मी ती खुर्ची पहिल्यांदा जवळून बघितली ती एका नातेवाइकांच्या घरी, ते युरोपातून परतताना सामानात घेऊन आले होते. साडेतीन वर्षांची मुलगी जेवत होती. तिचं मनगट टेबलाच्या कडेवर नव्हतं, कोपर होतं, म्हणजे मोठ्यांचं असतं तिथेच. दोन्ही तळवे पूर्ण फळीवर. तिने वरण सांडलं, मग फळीवर उभी राहिली, पलीकडचा पेला घेतला, परत बसली. कुणाला हाक मारली नाही. मी बायकोला म्हटलं, हिला टेबलाची सभासद करून घेतलंय. मग खाली वाकून सांधे बघायला लागलो आणि जेवण राहिलं बाजूला.

त्या खुर्चीबाबत एक उणेही सांगायला हवं, कारण प्रकल्पात फक्त आरती ओवाळली की परीक्षक खूश होत नाहीत. पायाची फळी भक्कम असली की मूल तिच्यावरून टेबलाला रेटा देतं आणि खुर्ची मागे कलंडू शकते. पुढे मागच्या बाजूला लांबवणारे जोड देऊन त्यावर उपाय केला गेला. बाळासाठी कंबरेची दांडी आणि नंतर नवजात बाळासाठीचं आसनही वेगळं मिळू लागलं. मूळ १९७२ च्या आराखड्यात मात्र फारसं काही बदलावं लागलं नाही. आजवर एक कोटीहून जास्त खुर्च्या विकल्या गेल्या आहेत. फर्निचरच्या धंद्यात, जिथे दर तीन वर्षांनी कॅटलॉग पालटतो, तिथे हा आकडा ऐकून माझ्यासारख्याला घाम फुटतो.

इतकं चाललं म्हटल्यावर नक्कल होणारच, आणि त्यातून जो कायद्याचा इतिहास घडला तो डिझाइनच्या विद्यार्थ्याने जरूर बघावा. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत २०१२ साली हा विषय गेला आणि खुर्चीला कलाकृती म्हणून प्रताधिकाराचं, म्हणजे कॉपीराइटचं, संरक्षण मान्य झालं. दुसरीकडे खुर्चीचा आकारच व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, म्हणून नोंदवला गेला होता. जर्मनीच्या हाउक कंपनीबरोबरच्या वादात तो प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयासमोर आला आणि १८ सप्टेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की वस्तूच्या कामातूनच येणारी आकाराची वैशिष्ट्यं, किंवा वस्तूला मोठं मूल्य देणारा आकार, व्यापारचिन्हाच्या नावाखाली कायमचा राखून ठेवता येणार नाही. प्रताधिकार कधीतरी संपतो, व्यापारचिन्ह नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही, म्हणून ही मेख. खुर्ची कलाकृती आहे की अवजार, या प्रश्नावर वकिलांनी इतका कागद खर्च केला, आणि माझ्या मते उत्तर त्या तिरक्या पट्टीत आहे: तिथे दोन्ही एकच आहे.

आता गुडघ्यांची खुर्ची. इथे एक गैरसमज आधी दूर करतो. गुडघे टेकवून पुढे कललेल्या बैठकीवर बसायची कल्पना ओप्सविकची एकट्याची नव्हती. हान्स क्रिस्तियान मेंग्सहूल यांनी १९७०च्या दशकात हा 'बालान्स', म्हणजे तोलाचा, विचार पुढे आणला आणि काही डिझायनरांना सोबत घेतलं: ओप्सविक, स्वैन गुसरूद, ओद्विन रिक्केन. प्रत्येकाने आपापली खुर्ची केली. ओप्सविकची ती व्हेरिएबल, १९७९ ची, स्टोकेसाठी. तीच सर्वांत जास्त गाजली, म्हणून सगळं श्रेय त्याच्या नावावर जमा झालं. तुमच्या प्रकल्पात मेंग्सहूलचं नाव नसेल तर एखादा जाणकार परीक्षक तिथेच पेन टेकवेल.

त्याही मागे डॉक्टर मंडळी होती. १९५३ साली जे. जे. कीगन या अमेरिकी शल्यविशारदाने कुशीवर झोपलेल्या माणसांच्या क्ष-किरण प्रतिमा घेऊन दाखवलं की मांडी आणि धड यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना कंबरेचा कणा सर्वांत स्वाभाविक बाकात असतो. काटकोनात बसवलं की तो बाक सपाट होतो. का होतो, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. खुर्चीत बसताना आपण ९० अंशांत वाकतो असं वाटतं, पण खुब्याचा सांधा त्यातले साधारण ६० अंशच देतो. उरलेले ३० ओटीपोटाचं हाड मागे फिरून, म्हणजे कंबर सपाट होऊन, भरून निघतात. मांडीच्या मागचे स्नायू ओढले जातात ते वेगळंच. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक ए. सी. मंडाल यांनी यावर खूप आवाज उठवला आणि शाळेच्या बाकांची बैठक पुढे उतरती करा असं सांगत राहिले. (आडनाव मंडाल, आपले बंगाली मंडल नव्हेत, एका कार्यशाळेत एकाने मला तेच विचारलं होतं.)

बैठक पुढे उतरती केली की माणूस घसरणार. घसरू नये म्हणून नडगीला टेकू द्यायचा. गुडघ्यांची गादी तिथून आली. तिच्यावर सगळं वजन येतं हा समज चुकीचा. वजन मुख्यतः बैठकीवरच, गादी फक्त घसरण अडवते. नीट जुळलेल्या खुर्चीत नडगीवर हलका दाब जाणवतो. गुडघ्याच्या वाटीवर दाब जाणवला तर उंची किंवा अंतर चुकलंय.

इथवरचा विचार सगळ्या बालान्सवाल्यांचा. ओप्सविकच्या खुर्चीत बघायची गोष्ट ही: खाली दोन वाकवलेल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे झुलत्या खुर्चीच्या खालच्या कमानी म्हणा, आणि त्यांच्यावर बैठक नि गुडघ्यांच्या दोन वेगळ्या गाद्या. पातळ पापुद्रे डिंक लावून फर्म्यात दाबले की असा बाक लाकडात कायमचा बसतो. बसणारा पुढे लिहायला वाकला की खुर्ची पुढे झुकते, मागे होऊन विचार करायला लागला की मागे. हात वरच्या कपाटाकडे नेला तरी जराशी हलते. गाद्या दोन असल्यामुळे मधून एक पाय काढून जमिनीवर टेकवता येतो, नंतर दुसरा. पाठ टेकायला काही नाही. सुरुवातीला लोक घाबरतात, कारण पाठीला टेकू नसेल तर खुर्ची कसली? थोड्या वेळाने कळतं की टेकू अख्ख्या शरीरभर विखुरलाय.

याचं महत्त्व मला नक्कल करून कळलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. २००३ च्या सुमारास एका संगणक शिकवणाऱ्या संस्थेने बारा गुडघ्यांच्या खुर्च्या मागितल्या. फोटो दाखवला. वाकवलेलं लाकूड महाग पडतं म्हणून मी चौकोनी लोखंडी पाइप वेल्ड केला, खाली चार चाकं लावली, गुडघ्यांची एकच सलग गादी केली आणि वर काळं रेक्झिन. दिसायला फक्कड! दोन महिन्यांनी गेलो तर बारापैकी नऊ खुर्च्यांवर मुलं आडवी बसली होती, गुडघ्यांच्या गादीवर दप्तरं. एक मुलगी म्हणाली, सर, यात पाय अडकतात. मे महिना होता, रेक्झिन नडगीला घामाने चिकटत होतं. मी झुलणं काढून टाकलं होतं, पाय सोडवायची जागा बंद केली होती आणि उरलं होतं ते फक्त ओप्सविकच्या खुर्चीचं छायाचित्र. बाजारात आजही बहुतेक स्वस्त नकला अशाच आहेत, चाकांवर बसवलेल्या आणि जागच्या जागी घट्ट. या खुर्चीबद्दल 'त्रास होतो' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो: खाली वाकलेल्या पट्ट्या होत्या की चाकं?

आता तुमचा जाता जातावाला प्रश्न. पाठदुखी जाते का? या खुर्चीने कंबरेचा बाक जास्त टिकतो, हे यांत्रिक दृष्टीने खरं. पण ती पाठदुखीचं औषध नाही. काहींना ती फार आवडते, काहींची नडगी दुखते, गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. दिवसाचे आठ तास फक्त तिच्यावर बसण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही. आणि गंमत म्हणजे ओप्सविकच्या विचाराशी तसं बसणं सुसंगतही नाही. त्याच्या लेखी कुठलीच एक आदर्श बैठक नाही; शरीराला पुढची बैठक हवी असते आणि ती सोपी व्हावी एवढंच खुर्चीचं काम. माझ्याकडे वर्कशॉपमध्ये एक खरी व्हेरिएबल आहे. मी दुपारी जेवणानंतर हिशेब लिहिताना तासभर तिच्यावर बसतो, कारण तिच्यावर डुलकी लागत नाही. बाकी वेळ साध्या स्टुलावर.

हा 'पुढच्या बैठकीचा' विचार वाचताना मराठी माणसाला थोडं हसू येतं. आपल्या आजीने जमिनीवर बसून अख्खी सकाळ काढली. मांडी घालून, मग एक गुडघा वर, मग पाय लांब सोडून, विळीवर बसताना एक पाय पाटावर दुमडलेला आणि दुसरा बाजूला. तिला कुणी बसण्याचं शास्त्र शिकवलं नव्हतं. जमिनीवर एका बैठकीत फार वेळ बसताच येत नाही, जमीन हलायलाच लावते. खुर्चीने ही सोय हिरावून घेतली आणि ओप्सविकने खुर्चीतच ती परत आणायचा प्रयत्न केला. तो भारतीय बैठकीवरून शिकला असं मी म्हणत नाहीये, तसा काही संबंध नाही. पण आपल्याला त्याचं म्हणणं झटकन पटावं, याला कारण आहे.

पुढच्या दोन खुर्च्या याच विचाराची टोकं आहेत. १९८३ ची ग्रॅव्हिटी: एकाच खुर्चीत गुडघे टेकवून काम करण्यापासून ते पूर्ण मागे रेलून पाय हृदयाच्या वर नेण्यापर्यंत चार स्थिती, आणि एकीतून दुसरीत जायला कळ दाबायची नाही, वजन हलवायचं. पहिल्यांदा मागच्या स्थितीत जाताना माणूस हमखास काहीतरी धरायला बघतो. आणि १९८४ ची कापिस्को, होग कंपनीसाठी. होग ही नॉर्वेची कार्यालयीन खुर्च्यांची कंपनी, १९४३ मध्ये सुरू झालेली, कारखाना रोरोसला, म्हणजे तांब्याच्या जुन्या खाणींच्या गावात. कापिस्कोची बैठक घोड्याच्या खोगिरावरून आली. घोडेस्वार तासन्‌तास ताठ बसतो आणि त्याला पाठीचा टेकू नसतो. मांड्या खाली उतरत्या, पाय दोन बाजूंना आणि रिकिबीत टेकलेले. इथेही पुन्हा पाय! खुर्ची उंच केली की जवळजवळ उभं राहून काम करता येतं, खाली केली की नेहमीसारखं. पाठीचा टेकू खाली अरुंद आणि वर बाजूंना पसरलेला, त्यामुळे उलटं बसून त्यावर छाती टेकवता येते, आडवं बसून कोपर ठेवता येतं. दंतवैद्य, चित्रकार, उंच टेबलाशी काम करणारे यांच्याकडे ती हमखास दिसते. उभ्याने काम करायच्या टेबलांची लाट खूप नंतर आली. ही खुर्ची तिची वाट बघत आधीच उभी होती.

होगसाठी त्याने कार्यालयीन खुर्च्यांवर बरंच काम केलं आणि तिथे सगळ्यांत कमी दिसणारा, पण मला सर्वांत आवडणारा विचार आहे. कार्यालयीन खुर्ची मागे झुकते तेव्हा सहसा पाठ ढकलून झुकवावी लागते. ओप्सविकच्या खुर्चीत झुलवायचं काम पायाचं. पाऊल जमिनीवर जरा दाबलं, टाच उचलली, की खुर्ची डुलते. खालच्या पंचपाकळी पायावर पाऊल ठेवायला सपाट जागाही दिली. आपण विचार करताना नकळत पाय हलवतो, शाळेत त्यासाठी मार खाल्लाय. त्याने तीच सवय खुर्चीचं इंजिन म्हणून वापरली. माणूस सॅक्सोफोन वाजवायचा, क्रिस्तियानिया जॅझबँडमध्ये, हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही. पायाने ठेका धरणारा माणूस खुर्चीकडे असंच बघणार.

त्याच्या कामात एक मोकळी खोलीसुद्धा आहे. ग्लोब गार्डन नावाची खुर्ची बघा, १९८५ च्या आसपासची: झाडासारख्या फांद्या आणि टोकांना गोल चेंडूसारख्या गाद्या, कुणी कसंही लटकावं, टेकावं, चढावं. घरात ठेवायला फार थोड्यांनी घेतली असेल, पण आकारात हट्टीपणा आहे. आणि सिलिंड्रा, म्हणजे लाकडी नळकांड्यांच्या आकाराची कपाटं, अर्धी फर्निचर अर्धी शिल्पं. प्रामाणिकपणे सांगतो, सिलिंड्रा मला समजतात पण भिडत नाहीत. तुम्ही वेगळं मत मांडलंत तर माझी हरकत नाही. गोंधळ एकच टाळा: ती वळणावळणाची, हातापायांच्या फांद्या असलेली रंगीत एक्स्ट्रेम खुर्ची ओप्सविकची नाही, तेर्जे एक्स्ट्रोम यांची आहे. एकाच कंपनीने काढल्यामुळे नेहमी घोळ होतो.

कंपन्यांचं पुढे काय झालं तेही लिहा, कारण डिझायनरची खुर्ची त्याच्या हातात राहत नाही. २००६ साली स्टोकेने मोठ्यांच्या खुर्च्या वेगळ्या करून व्हेरिएर ही कंपनी झाली. व्हेरिएबल आणि ग्रॅव्हिटी तिथे गेल्या, स्टोके मुलांच्या सामानावर राहिली. २०१३ च्या अखेरीस स्टोके दक्षिण कोरियाच्या गुंतवणूकदारांकडे गेली. होग पुढे इतर ब्रँडांबरोबर फ्लोक या नावाखाली आली. या सगळ्या उलथापालथीत ओप्सविकच्या खुर्च्या उत्पादनात टिकल्या, हेच मला थक्क करतं. आणि २०१३ मध्ये, चाळीस वर्षांनी, तो परत मुलांच्या खुर्चीकडे आला: डेन्मार्कच्या कंपनीसाठी नोमी. आता दोन खाचांच्या पट्ट्यांऐवजी एक वाकलेला खांब, आणि फळ्या पान्याशिवाय वर-खाली होतात. बोल्ट आवळायला पाना हरवला म्हणून आई-बाप दोन-दोन वर्षं फळी खाली करत नाहीत, हे त्याने चाळीस वर्षं पाहिलंच असणार. ट्रिप ट्रॅप घरी असेल तर आजच बघा, फळी मूल दीड वर्षाचं असताना होती तिथेच निघेल.

प्रकल्पासाठी एक सुचवतो. सुंदर चित्रं सगळेच लावतात. तुम्ही त्याच्या सहा खुर्च्यांचे बाजूने आराखडे काढा आणि प्रत्येकात फक्त तीन रेघा दाखवा: मांडी, कणा, आणि पायाचा तळवा कुठे टेकतो. ट्रिप ट्रॅप, व्हेरिएबल, ग्रॅव्हिटी, कापिस्को, होगची कार्यालयीन खुर्ची, नोमी. मग त्याच पद्धतीने कॉलेजच्या वर्गातल्या बाकाचा सातवा आराखडा काढा. मोजपट्टी घेऊन जा, बैठकीची उंची, टेबलाची उंची आणि तुमच्या पाच मैत्रिणींच्या गुडघ्यामागच्या खाचेपासून तळव्यापर्यंतचं अंतर मोजा. आपल्याकडच्या टेबलांची उंची बहुतेक ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर, आणि बुटक्या माणसाला ते नेहमी जास्त पडतं. खुर्ची वर केली की कोपर जुळतं आणि पाय लोंबकळायला लागतात.

त्यावरचा इलाज नॉर्वेतून मागवावा लागत नाही. घरी जुना लाकडी पाट असेलच, दोन-तीन इंच उंचीचा. उद्या अभ्यासाला बसताना तो पायाखाली घ्या आणि पाऊण तासाने बघा, पाठ खुर्चीच्या टेकूपासून किती वेळ सुटून राहिली. आकडा वहीत लिहा, मग पाट काढून पुन्हा तेवढाच वेळ बसा.